भांडी विकायला काढली

वाल्मीकदादांची गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली तेव्हा ज्योत्स्ना गच्चीवर बसून बंबाच्या तोटीतला हिरवा कळंक चिंचेने काढत होती. कळवणहून सातपूरला यायचं म्हणजे दादा आधी फोन करत, निदान तिच्या नवऱ्याच्या, दिनेशच्या कानावर तरी घालत. आज तसं काही नव्हतं. गाडीतून दादा उतरले, मागून जाऊबाई छायाताई, त्यांच्या मागून त्यांची लेक स्नेहा. कुणाच्याही हातात पिशवी नव्हती. शेतातली मेथीची जुडीसुद्धा न घेता थोरले दीर आले, म्हणजे भांडायलाच आले, हे तिने वरूनच ओळखलं.

चिंचेचे हात धुऊन तिने पदर सारखा केला आणि सासूबाईंकडे पाहिलं. चिमणाबाई उन्हात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्या इकडेच होत्या, आणि काळा चष्मा लावून दिवसभर गच्चीवरून रस्ता न्याहाळत.

"कोण आलं?" त्यांनी विचारलं.

"दादा, ताई आणि स्नेहा."

"मंग जा. चहा टाक."

जिना उतरताना ज्योत्स्नाच्या मनात गुरुवारपासूनची सगळी धाकधूक एकदम जमा झाली. दिवाळीनंतर कळवणच्या घराचं जुनं स्वयंपाकघर पाडून स्लॅब टाकला, तेव्हा माळ्यावरची भांडी खाली आली. तांब्याचा बंब, पितळी घंगाळ, दोन हंडे, परात, कडीचे डबे. ठेवायला जागा नव्हती. "तिकडं ने, तुझ्या बायकोला जुन्या भांड्यांची हौस हाय," असं दादाच दिनेशला म्हणाले होते. ती टेम्पोभर भांडी सातपूरला आली.

हौस म्हणणं दादांना सोपं होतं. ज्योत्स्ना ज्या कंपनीत मालाची तपासणी करायची ती कंपनी इथून उठून दुसरीकडे गेली, तेव्हापासून तिने 'मांडणी' नावाने जुन्या भांड्यांचा व्यवसाय चालवला होता. सातपूरची भंगारची दुकानं, गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार, कुणाचं बंद घर उघडलं असं कळलं की तिथे. घेतलेलं भांडं ती भांडी बाजारातल्या तांबटाकडून ठोकून, कल्हई करून आणायची. मग गच्चीवरच्या भिंतीशी ठेवायची. त्या भिंतीला तिने स्वतः चुन्यात नीळ कालवून रंग दिला होता. सकाळचं तिरपं ऊन तिथे आलं की पितळ असं उजळायचं की बघणाऱ्याने थबकावं. फोटो इन्स्टाग्रामवर टाकले की बंगळूरपासून बडोद्यापर्यंत माणसं मागणी करत. लोक म्हणत, नशीबवान आहेस. तिला मात्र ठाऊक होतं की राख, चिंच, पाठीची कळ आणि एकेका फोटोसाठी गच्चीत धरलेला दम याचंच ते नशीब होतं.

गुरुवारी तिने सासूबाईंच्या घंगाळाचं रील टाकलं होतं. चेहरा नाही, नुसते हात. सुरकुतलेले, शिरा उठलेले, घंगाळाच्या काठावरून फिरणारे. ते रील कुठल्याकुठे गेलं. त्र्यंबक रोडवर होमस्टे काढणाऱ्या पल्लवी नावाच्या बाईंनी तर सगळा संचच मागितला होता.

दादा हॉलमध्ये सोफ्याच्या कडेला बसले होते. धाकट्या भावजयीशी ते थेट बोलत नसत. त्यांच्या पिढीत ती रीत होती, आणि आज तर त्यांना ती सोयीचीच होती.

"दिनेश, तुझ्या बायकोला सांग, ते मोबाइलवरचं आधी काढ म्हणावं."

दिनेश अंघोळ करून नुकताच बाहेर आला होता. टॉवेल खांद्यावर तसाच. "काय झालं दादा?"

"काय झालं? साकोऱ्याच्या लग्नात दोघांनी विचारलं मला. वाल्मीकराव, घरातली भांडी विकायला काढली म्हणे. आपल्याकडं भांडी कधी निघतात बाहेर? घर बसल्यावर. आन् स्नेहाच्या होणाऱ्या चुलतसासऱ्यानं सटाण्याहून फोन केला. म्हणे, सोयरे काही अडचणीत हायेत का? अजून सुपारी फुटायची हाय, दिनेश. पोरीचं जमलेलं मोडलं तर?"

स्नेहा काहीतरी बोलायला गेली. छायाताईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

दिनेशने ज्योत्स्नाकडे पाहिलं. ओझरच्या कारखान्यात तो भल्याभल्या साहेबांशी हुज्जत घालायचा, पण दादांपुढे त्याचा आवाज लहानपणीचा व्हायचा. "काढून टाक ना," तो म्हणाला. "एवढं काय त्यात."

तिला ते लागलं. दादांचं नाही, त्याचं. टेम्पोतून भांडी उतरवताना हाच माणूस म्हणाला होता, बघ, तुझ्या मांडणीला घरचाच माल मिळाला.

"काढते," ती म्हणाली. "पण भांड्यांचं काय करायचं ठरलंय?"

"गाडीत टाक म्हणावं," दादा दिनेशलाच म्हणाले. "आम्ही नेतो."

"न्यायलाच पाहिजेत," छायाताई म्हणाल्या. "आम्हाला काही अडलंय म्हणून नाही. पण घरची वस्तू घरात पाहिजे. तसंही आता लग्न ठरतंय. मोडीत घातली तर स्नेहाला स्टीलचा सगळा संसार येतो नवा. यांनी भांडीवाल्याशी बोलूनसुद्धा ठेवलंय."

छायाताईंच्या लक्षात आलं की आपण बोलायचं नव्हतं ते बोललो. दादा खिडकीबाहेर बघू लागले.

ज्योत्स्नाने हातातला ट्रे टीपॉयवर ठेवला. आवाज चढू न देता बोलायचं असं तिने ठरवलं, आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदाच ती दादांकडे सरळ बघून बोलली.

"म्हणजे दादा, मोडीत घातली, हातोड्याने चेपून वितळवली, तर घराची अब्रू राहते. आणि घासूनपुसून, ज्याला त्याची किंमत आहे त्याच्या घरी पाठवली, तर जाते. हे मला समजत नाही. समजावून सांगा."

दादांनी दिनेशकडे पाहिलं. दिनेशने चहाच्या कपाकडे पाहिलं.

"मोडीत घातलेलं कोणाला दिसत नाही," दादा शेवटी म्हणाले. निदान खरं बोलले.

"मला एक बोलायचंय," स्नेहा म्हणाली. ती फार्मसी शिकलेली, बोलायला मऊ, पण बोलायचं ठरवलं की थांबणारी नव्हती. "ते रील प्रफुल्लने माझ्याआधी बघितलं. त्याला आवडलं. मलाच म्हणाला, तुझ्या काकू भारी काम करतात. फोन त्याच्या काकांनी केला, त्याने नाही. आणि मला स्टीलचा संसार नकोय. हंडेपण नकोत. आम्ही पुण्यात वन बीएचकेमध्ये राहणार आहोत, ठेवू कुठे?"

"तुला काय कळतंय," छायाताई म्हणाल्या, पण त्यात जोर नव्हता. लेकीच्या रुखवतावर एखादा तरी जुना हंडा मांडावा असं त्यांच्या मनात होतं, ते ज्योत्स्नाला आत्ता कळलं. त्यांच्या नवऱ्याने त्यांना तरी कुठे विचारलं होतं?

जिन्यावर काठीचा आवाज झाला. चिमणाबाई एकेक पायरी चाचपत उतरत होत्या. दिनेश उठला, त्यांनी त्याला हाताने थांबवलं. त्या येऊन सोफ्यावर दादांच्या शेजारी बसल्या आणि चष्मा काढून सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

"वरपर्यंत आवाज येतो," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचं आयकलं. माले कोनी इचारं?"

रागावल्या की चिमणाबाई माहेरच्या बोलीत शिरत. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"भांडी कोणाची शेतस? तुझ्या बापानं आणली होती का वाल्मीक? मना बापनी दिधी. झिपरू नाव त्याचं. माझ्या लग्नात दिली. तुम्ही दोघं ती मोडीत घालायची का विकायची यावर भांडता, आन् म्या वर उन्हात बसलेली."

"आई, तसं नाही," दादा म्हणाले. "तुमची अब्रू तीच आमची..."

"राहू दे. स्नेहा, ते काय टाकलंय मोबाइलवर ते दाखव मला. आन् खाली लिहिलंय ते वाच."

रील करताना ज्योत्स्नाने सासूबाईंना हात पुढे करायला सांगितलं होतं, पण खाली काय लिहिणार ते सांगितलं नव्हतं. स्नेहाने वाचलं, "सासूबाईंच्या माहेरचं घंगाळ. चार पिढ्या याच्या ऊन पाण्याने न्हाल्या. आजही हात लावला की त्यांची माया जाणवते."

"कोणी लिहिलं?"

"मी," ज्योत्स्ना म्हणाली.

"खोटं शे."

एवढंच म्हणून चिमणाबाईंनी काठी बाजूला ठेवली. मग बोलल्या तेव्हा आवाजात राग नव्हता. धान्य निवडावं तसं एकेक वाक्य त्या बाजूला काढून ठेवत होत्या.

"चार पिढ्या न्हाल्या, बराबर. म्या नाय न्हाले. आमच्याकडं थंडी लय. बापाला वाटलं, पोरीला पहाटे गार पाणी अंगावर घ्यावं लागू नाय. म्हणून बंब दिला, घंगाळ दिलं. गावात कोणी दिलं नव्हतं तेव्हा. वरातीत लोकं बघायला आली ते बंबाला, मला नाय. इथं आले तर सासू म्हणे, बरं झालं, गड्यांची सोय झाली. पहाटे उठून म्या बंब पेटवायचा. आधी सासरा, मग दीर, मग तुमचा बाप, मग पोरं. आम्ही बायांनी विहिरीवर. बाळंतपणात न्हाऊ घातलं ऊन पाण्यानं, तेवढंच. मग म्हातारी मेली. तरी कोणी म्हटलं नाय की चिमणे, आता तू घे. आन् म्या पण नाय घेतलं. अंगवळणी पडलं होतं ना. पाणी उरलंच कधी, तर भांडी घासायला."

दादा म्हणाले, "मला हे माहीत नव्हतं आई."

"तुला कसं माहीत असंल? तू घंगाळाजवळ बसलेला असायचास. म्या बाहेर चुलीशी."

छायाताई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. तिकडेच बघत त्या म्हणाल्या, "माझ्या वेळेपर्यंतसुद्धा पाणी गार झालेलं असायचं. सोलर बसवला तेव्हा कुठे."

दादांनी बायकोकडे मान वळवली. इतक्या वर्षांत हे त्यांच्या कानावर आलेलं नव्हतं, आणि ते आता चारचौघांत आलं होतं.

"मग आई, भांडी न्यायची का परत?" दिनेशने विचारलं.

"नाय. विकायची. मला नको ती डोळ्यापुढं. पण जे झालं ते लिहायचं. माया बिया लिहून विकायची असंल तर त्याच्यापेक्षा मोडीत घाला. वितळलं तर निदान खोटं तरी बोलणार नाय."

"हे लिहायचं?" दादा उभे राहिले. "आजीचं, बाबांचं नाव काढायचं जगापुढं? लोकं काय म्हणतील याच्यापायी मी इथवर आलो, आन् तुम्ही तर घरच उघडं करताय."

ज्योत्स्नाला कळत होतं की आता बोलण्याची पाळी आपली आहे. पल्लवीबाईंची ऑर्डर, औद्योगिक वसाहतीच्या मागे बघून ठेवलेला छोटा गाळा, या सगळ्याला ती गोड वाक्यं पुरेशी होती. ती वाक्यं तिनेच बसून जुळवली होती, आणि जुळवताना सासूबाई हाताच्या अंतरावर होत्या. विचारलं असतं तर त्यांनी तेव्हाच सांगितलं असतं.

"नाव कुणाचंच घेणार नाही," ती म्हणाली. "आईंचं सोडून. आईंनी जे सांगितलं ते आई सांगतील, त्यांच्या तोंडाने. माझं एक अक्षर त्यात नसेल. आधीचं रील काढते, कारण ते खोटं आहे. लोकांनी विचारलं म्हणून नाही."

"आन् सटाण्याचे?" दादांनी दिनेशलाच विचारलं.

"सटाण्याला पण बाया असतीलच दादा."

दादा दाराकडे निघाले. मग त्यांनी कधी केलं नव्हतं ते केलं. दिनेशला मध्ये न घेता भावजयीला म्हणाले, "आई पडली-बिडली नाय पाहिजे जिन्यात. जपून ने."

परवानगी म्हणावी तर तशी ती नव्हती. पण ज्योत्स्नाला तेवढं पुरलं.

घंगाळ दिनेशने उचललं, निळ्या भिंतीशी ठेवलं, आणि शेजारी खुर्ची मांडली. ऊन चढलं होतं. उजेड तिला हवा तसा मऊ उरला नव्हता. चिमणाबाईंच्या चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ त्यात दिसत होती. ज्योत्स्ना नेहमीसारखी हातांवर फोन धरायला गेली तर त्या म्हणाल्या, "हात नको. तोंड दाखव. बोलणार तोंडानं ना म्या?" तिने फोन वर केला. छायाताई गच्चीच्या दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. दादा खाली गाडीत जाऊन बसले होते, पण गाडी चालू करत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पल्लवीबाईंचा फोन आला. बोलायला फार गोड बाई. "गोष्ट अगदी मनाला भिडली हो, मी रडलेच. पण आमच्या पाहुण्यांसाठी मला ते घंगाळ पाण्यात फुलं तरंगवत ठेवायचंय. लोक आराम करायला येतात. ही गोष्ट माहीत असली की ते... जड होतं ना जरा. तुम्ही असं करा, नवा व्हिडिओ काढून टाका, पहिलाच परत ठेवा. मी उद्याच टेम्पो पाठवते."

ज्योत्स्ना स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी होती. गाळ्याचं शटर तिच्या डोळ्यांपुढे आलं, त्यावर लावायची पाटीसुद्धा. दिनेश आठवडी सुट्टीमुळे घरी होता आणि दारात उभा राहून ऐकत होता. काल ज्या नजरेने त्याने कपात पाहिलं होतं, तशी नजर आज नव्हती.

"व्हिडिओ राहील," ती म्हणाली. "टेम्पो पाठवायचा तर तो असताना पाठवा."

"विचार करा ना जरा."

"केला. कालच केला."

टेम्पो आला नाही. त्या संध्याकाळी तिने सगळ्या भांड्यांचे वेगवेगळे फोटो काढले, पुन्हा पहिल्यापासून. पोचे पडले होते ते पोचे दाखवून. दिनेशने आपणहून खोकी आणली, भुसा आणला. हंडे हुबळीला गेले, परात ठाण्याला. छायाताईंचा फोन आला तेव्हा ज्योत्स्नाने कडीचा एक डबा बाजूला काढून ठेवल्याचं त्यांना सांगितलं. "स्नेहाला नको असला तर तुमच्याकडे ठेवा," ती म्हणाली. मग छायाताई म्हणाल्या, "झाकण घट्ट बसतं का गं त्याचं?"

घंगाळ आणि बंब धुळ्याच्या एका नर्सबाईंनी घेतले. त्यांनी आणखी काही विचारलं नाही, फक्त लिहिलं, 'आईला दाखवलं. ती दोनदा बघत बसली.'

सटाण्याहूनही फोन आला. चुलतसासऱ्यांचा नव्हता. प्रफुल्लच्या आजीने चिमणाबाईंना फोनवर बोलावून घेतलं होतं. दोघी कधी भेटल्या नव्हत्या. दार लावून अर्धी दुपार त्या बोलल्या, मध्येच हसल्यासुद्धा. बाहेर आल्यावर चिमणाबाईंनी एवढंच सांगितलं, "त्यांच्याकडं बंब नव्हता. पण विहीर होती." सुपारीची तारीख दादांनी त्याच आठवड्यात कळवली.

घंगाळ आणि बंब पाठवायच्या आदल्या सकाळी छायाताई सुपारीच्या खरेदीला नाशिकला आल्या होत्या. भावनेच्या भरात म्हणाल्या, "आई, जायच्या आधी एकदा बंब पेटवू. तुम्ही घंगाळातल्या पाण्याने मनसोक्त अंघोळ करा." ज्योत्स्नाच्याही मनात तेच येऊन गेलं होतं, कोळसासुद्धा होता घरात.

चिमणाबाईंनी दोघींकडे अशी नजर टाकली की जणू पोरींना अक्कल यायची अजून बाकी आहे.

"इथं गीझर हाय ना? बटण दाबलं की ऊन पाणी. मंग धूर कशाला करायचा?" आणि टॉवेल घेऊन त्या बाथरूममध्ये गेल्या. आतून बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. दोघी जावा बाहेर भुसा भरत बसल्या, आणि एकमेकींकडे बघून कधी हसू फुटलं ते त्यांना कळलं नाही.

गाळा काही त्या वर्षी झाला नाही. पण लोक 'मांडणी'वर आता भांडी मागायच्या आधी विचारत, या भांड्याची बाई कोण? ज्योत्स्नाकडे भंगारातून आणलेल्या मालाचं उत्तर नसायचं, आणि ती तसं लिहायची: माहीत नाही. मग एक दिवस चिमणाबाईच म्हणाल्या, "भंगारात कशाला शोधतेस? कळवणला माळ्यामाळ्यावर पडलीत. बायका जित्या हायेत तोवर चल."

न्यायला दादाच आले. वाटेत ते फारसं बोलले नाहीत, पण गावातल्या लंकाबाईंच्या दारापर्यंत गाडी नेली आणि उतरून आत हाक दिली, "मावशी, आमची ज्योत्स्ना आलीय. भांड्यांचं काम करते ती."

लंकाबाई चिमणाबाईंच्या वयाच्या, वाकलेल्या, पण तरतरीत. त्यांनी आधीच शेजारच्या पोरींकडून माळा रिकामा करून घेतला होता. ओसरीवर पितळेचा ढीग लागला होता. वर धूळ, आत कोळिष्टकं. त्या ढिगात एक समई अशी होती की ज्योत्स्नाचे हात आपोआप तिकडे वळले. अशी घडण तिने भांडी बाजारातही पाहिली नव्हती. तिने उजेड कुठून येतो ते पाहिलं, पिशवीतून फोन काढला.

लंकाबाई उंबऱ्यावर टेकल्या. चिमणाबाईंकडे बघून मग त्यांनी ज्योत्स्नाला विचारलं, "आधी भांडं बघतीस, का आधी म्या सांगू?"

ज्योत्स्नाने फोन पिशवीत परत ठेवला, आणि खाली, त्यांच्या पायाशी बसली.

"सांगा," ती म्हणाली.